बारावा खिळा

१७ मे

आज जेवणाच्या टेबलावर मी एक वाक्य बोललो आणि ते आता परत घेता येणार नाही. लिहून ठेवतो, म्हणजे निदान नेमके शब्द तरी राहतील.

राष्ट्रदिनाची मिरवणूक आटोपून नेहमीप्रमाणे सगळे सासऱ्याकडे जमलो होतो. इंगवाल्ड पाच जुलैला पंचाहत्तर वर्षांचा होईल. गेली चाळीस वर्षं तो वाढदिवसाला अख्ख्या वस्तीला हॅलिबट, म्हणजे समुद्राच्या तळाशी राहणारा मोठा चपटा मासा, खाऊ घालतो, आणि तो त्याने स्वतः धरलेला असतो. यंदा हिवाळ्यात त्याच्या हृदयाने कुरकुर केली आणि डॉक्टरीणबाईंनी एकट्याने समुद्रावर जायला बंदी घातली. मग वाढदिवसाला काय, हा प्रश्न बटाट्यांच्या भांड्याबरोबर हातोहात फिरत होता. माझी बायको रान्वेइ म्हणाली, "बाबा, एक वर्ष विकत आणू या."

कोणी काही बोललं नाही. काटे-चमचेसुद्धा थांबले. मला शांतता सोसत नाही, हा माझा जुना दोष. मी म्हणालो, "मी आणतो. कयाकमधून."

"कशातून?" इंगवाल्ड म्हणाला.

"कयाकमधून."

"त्या पाण्यातल्या सायकलवरून?"

"हो." माझी कयाक म्हणजे एकट्याने बसून पेडल मारत चालवायची अरुंद होडी.

त्याने हात पुढे केला. "बटाटे दे इकडे, दक्षिणकर."

दक्षिणेतून या बेटावर येऊन मला सोळा वर्षं झाली. वजनमाप तपासनीस म्हणून इथल्या प्रत्येक दुकानाच्या, प्रत्येक मासळी-गोदामाच्या तराजूवर माझ्या सहीचा शिक्का आहे. तरी मी दक्षिणकर. म्हातारा मला नावाने हाक मारत नाही. एकदाच मारली होती, लग्नात, आणि तीही पाद्रीबाईंनी कागदावर लिहून दिली होती म्हणून.

मी हे का बोललो, याचा प्रामाणिक शोध घ्यायला हवा. म्हाताऱ्यासाठी बोललो असं मला वाटायला आवडेल. पण बोलताना माझं लक्ष म्हाताऱ्याकडे नव्हतं, सगळे माझ्याकडे बघताहेत का इकडे होतं.

१८ मे

पश्चात्ताप आहेच, पण आकडेमोडही केली. पाहुणे चाळीस. माणशी तीनशे ग्रॅम धरले तर बारा किलो साफ मासळी. डोकं, काटे, आतडी धरून अख्खा मासा वीस किलोचा, म्हणजे साधारण एक मीटर पंधरा. त्याहून मोठा मासा मारणं मला गरजेपलीकडचं वाटतं. मोठ्या असतात त्या सगळ्या माद्या, तीस-तीस वर्षांच्या, पोटात लाखो अंडी. दोन मीटरच्या वरची तर कायद्यानेच सोडावी लागते.

तेव्हा ठरलं: एक मीटर पंधरा, फार तर एक तीस. अडचण एवढीच, की खाली तीस मीटरवर कोण तोंड उघडतंय हे वरून निवडता येत नाही.

२४ मे

कयाकच्या कुशीवर मापाच्या खुणा रंगवायच्या म्हणून ब्योर्गच्या दुकानात पांढरा रंग आणायला गेलो. ब्योर्ग साठीची आहे, बेटावरचं एकमेव दुकान चालवते. इथे आलो त्या पहिल्याच वर्षी मी तिचा तराजू नापास केला होता. चार ग्रॅम. ती ते विसरलेली नाही.

"रंग कशाला?"

"मासा बाजूला आला की त्याची लांबी मोजायला."

"म्हणजे मासा येणार, तुझ्याशेजारी आडवा पडणार आणि तू त्याचं माप घेणार. शिंप्यासारखं."

"कायदा आहे, ब्योर्ग. दोन मीटरच्या वर—"

"मला कायदा माहीत आहे. माशाला माहीत आहे का?" तिने डबा काउंटरवर आपटला. "इंगवाल्डच्या पोरीने एवढं शिकून वजनकाटेवाला केला. मी तेव्हाच म्हटलं होतं, हा एक दिवस समुद्राला शिक्का मारायला जाईल."

संध्याकाळी खुणा रंगवल्या. शून्य माझ्या उजव्या हाताशी, तिथून मागच्या टोकाकडे दर दहा सेंटिमीटरला एक रेघ, दोनशेची जाड. पोलादी पट्टीने तीनदा ताडून पाहिल्या. कमाल चूक दोन मिलिमीटर. समाधान वाटलं, आणि समाधान वाटल्याबद्दल थोडी शरमही.

१ जून

पहिली फेरी. बेटाच्या पश्चिमेला पाण्याखाली वाळूचे उंचवटे आहेत, त्यावरून भरतीबरोबर वाहत जायचं आणि आमिष तळाशी फिरवत ठेवायचं. चार तासांत दोन कॉड मिळाले.

निघताना कयाक इंगवाल्डच्या होडीघरापासून ढकलावी लागते. होडीघराच्या भिंतीवर त्याने आजवर धरलेल्या मोठ्या हॅलिबटांच्या वाळलेल्या शेपट्या ठोकलेल्या आहेत. अकरा आहेत, प्रत्येकीखाली चाकूने कोरलेलं वर्ष आणि लांबी. मी सवयीने एकदा त्यांचं माप घेतलं होतं: शेपटीची रुंदी लांबीच्या पाव भरते, अकराही वेळा, फार फरक नाही. म्हाताऱ्याला ते सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, "हे मोजायला शाळा लागते?"

आज त्याने माझ्या डब्यातलं तपकिरी चीज काढून घेतलं. ते होडीत असलं की ती येत नाही म्हणे. "ती" म्हणजे हॅलिबट. समुद्राच्या काठावर तो तिचं नावसुद्धा घेत नाही.

"हे कशावरून?" मी विचारलं.

"माझ्या आज्याने एकदा नेलं होतं."

"आणि?"

"नाही आली." आणि त्याने ते चीज खाऊन टाकलं.

एक गोष्ट मात्र खटकली. मी वाळूवर पोचून तासभर झाला नसेल, तर इंगवाल्डची होडी 'आल्मा' मागून ठकठकत आली आणि दोनशे मीटरवर इंजिन बंद करून उभी राहिली. होडीत तो एकटा. मी ओरडून डॉक्टरांच्या बंदीची आठवण करून दिली. तो ओरडून म्हणाला, "एकटा कुठे आहे? तू आहेस की."

ही पळवाट आहे. शिवाय इंजिनाच्या आवाजाने मासे बिचकतात. रान्वेइला सांगावं का? सांगितलं तर चुगली. नाही सांगितलं आणि त्याला काही झालं तर मी गुन्हेगार. रान्वेइ स्वतः घरोघरी जाणारी परिचारिका आहे. मी परतल्यावर तिने पाव कापत फक्त विचारलं, "हवा कशी होती?" नवरा चार तास उघड्या समुद्रात पाय मारत होता आणि हिला काळजीचा लवलेश नाही. थोडं लागलं मनाला. म्हाताऱ्याचं काही बोललो नाही.

७ जून

तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोर, कुठला लावावा, यात शनिवार गेला. हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही.

बारीक तंगूस लावला तर मासा ओढेल, मी सोडत जाईन, दोन तास झुंज चालेल. शेवटी मासा दमून मरणार, किंवा तंगूस तुटून तोंडात गळ घेऊन आयुष्यभर फिरणार. जाड लावला तर झुंज लवकर संपेल, मासा ताजातवाना राहील, सोडायचा तर जगेल. पण मग सगळी ओढ कयाकवर, म्हणजे माझ्यावर. माशाच्या भल्याचं ते माझ्या जिवाला धोक्याचं.

कयाकवाल्यांच्या मासिकात लिहितात, की कयाकमधली शिकार बरोबरीची असते, कारण माणूसही जीव धोक्यात घालतो. मी यावर पुष्कळ विचार केला. मी बुडालो तर त्यात माशाचं काय भलं झालं? तिला मी बोलावलं नव्हतं आणि तिनेही मला नाही. माझा धोका ही माझी हौस आहे. ती तिच्या खात्यात कशी धरणार?

जाड लावला. सोबत कमरेला सुरी, एका फटक्यात दोर कापता येईल अशी.

संध्याकाळी इंगवाल्ड येऊन रीळ बघून गेला. तंगूस बोटांनी चाचपला. म्हणाला, "खेळवू नकोस तिला. मारायची तर मार, सोडायची तर सोड. खेळायला मांजरं आहेत."

"मी तोच विचार करत होतो."

"किती वेळ?"

"दिवसभर."

तो मान हलवत गेला.

१४ जून

कॉड तीन, हॅलिबट नाही. 'आल्मा' होती. आज तिने मुक्काम बदलला: दोन खडकांमधल्या चिंचोळ्या वाटेच्या तोंडाशी उभी होती. ओहोटीला त्या वाटेतून पाणी नदीसारखं धावतं, तिथे कोणी मासे धरत नाही. काय करतोस विचारलं तर म्हणाला, "आमिषाला सेय मासे." तिथे सेय मासा नसतो, हे मलासुद्धा माहीत आहे. म्हाताऱ्याची स्मृती दगा देत असावी. हेही रान्वेइपासून लपवलं. लपवलेल्या गोष्टींची यादी वाढत चालली आहे.

२३ जून

मध्य-उन्हाळ्याच्या सणाची होळी किनाऱ्यावर पेटली होती. सगळं बेट आलं होतं आणि सगळ्यांचा प्रश्न एकच.

"कुठवर आलं रे?" ब्योर्गने विचारलं. तिच्या हातात सॉसेज.

"अजून बारा दिवस आहेत."

"मी मांसाचे गोळे मागवून ठेवलेत. चाळीस जणांचे."

"का?"

"बोटीतून माल यायला वेळ लागतो म्हणून. मनाला लावून घेऊ नकोस."

मी मनाला लावून घेतलं. इंगवाल्ड बाजूला उभा होता, त्याने ऐकलं. वाटलं आता हसेल. तो म्हणाला, "ब्योर्ग, गेल्या वर्षी तुझे गोळे कुत्र्यानेही हुंगून सोडले." आणि आगीत लाकूड टाकायला गेला. हे माझ्या बाजूने होतं की नुसतं गोळ्यांच्या विरोधात, ठरवता आलं नाही.

घरी येताना रान्वेइला म्हणालो, "जमलं नाही तर?"

"तर नाही जमलं."

"तुझ्या बाबांना मी वचन दिलंय."

"बाबांनी मागितलं होतं का?"

नव्हतं मागितलं. मी आपण होऊन दिलं. त्यामुळेच ते मोडता येत नाही: मागून घेतलेलं वचन मोडलं तर निदान अर्धा दोष मागणाऱ्याचा असतो.

२८ जून

आधी हे लिहितो, मग ओले कपडे बदलतो.

सकाळी दहाला वाळूवर होतो. समुद्र शांत, आकाश पिठासारखं. 'आल्मा' आधीच त्या चिंचोळ्या वाटेच्या तोंडाशी. साडेअकराच्या सुमारास काठी वाकली. आधी वाटलं गळ तळाला अडकला. मग तळ चालायला लागला.

पुढचं सगळं मी करत नव्हतो, माझ्याकडून होत होतं. कयाक स्वतःभोवती फिरली आणि पश्चिमेला निघाली. मी पेडलवर पाय ठेवून बसलो होतो आणि ती मला नेत होती, लहान मूल गाडी ओढतं तशी, न थांबता, घाईही न करता. रिळावरचा तंगूस संपत येईपर्यंत सोडला, मग ओढला, मग परत सोडला. एकदा डोकं वर करून पाहिलं तर समोर ते दोन खडक आणि मधलं धावतं पाणी. सुरीकडे हात गेला. तेवढ्यात 'आल्मा'चं इंजिन सुरू झालं आणि होडी त्या वाटेत आडवी येऊन थांबली. मला राग आला. इतक्या जवळ इंजिन. पण मासा आवाजाने वळला असावा, कारण ती परत मोकळ्या पाण्याकडे निघाली. म्हाताऱ्याला काय घडतंय याची कल्पनाही नसणार. योगायोगाने का होईना, उपकार झाले.

पस्तीस मिनिटांनी ती वर आली.

तपकिरी दार पाण्यातून वर यावं तशी. हॅलिबटचे दोन्ही डोळे एकाच बाजूला असतात, त्यामुळे ती आडवी पडली की दोन्ही डोळ्यांनी थेट तुमच्याकडेच बघते. मी तीस वर्षं मासे पाहतो आहे. माझ्याकडे असं कोणी पाहिलं नव्हतं, नापास केलेल्या दुकानदारांनीही नाही.

ती कयाकला लागून शांत पडली. ही त्यांची रीत आहे असं म्हणतात, शेवटच्या धडकेआधी. दोरी बांधलेला भाला माझ्या उजव्या हाती होता. कल्ल्यामागे एक घाव, आणि काम संपलं असतं. वाढदिवस, वचन, ब्योर्गचे गोळे, सगळं संपलं असतं.

मी माप घेतलं.

नाक शून्यावर धरलं आणि मान मागे वळवून शेपूट पाहिली: १९८. लाट आली, मासा हलला. परत पाहिलं: २०१. तिसऱ्यांदा: १९९. सरासरी १९९.३. शंभर किलोचा मासा हातात धरून मी मनात भागाकार केला, हे कबूल करतो. कायद्याने ती माझी होती.

पण ती मापं मी मान मुरगळून, तिरक्या नजरेने, हलत्या बैठकीवरून घेतली होती. असं वाचन मी कुणाच्याही दुकानात मान्य केलं नसतं. आणि माझा सोळा वर्षांचा नियम आहे: काट्यावर शंका आली तर निकाल गिऱ्हाइकाच्या बाजूने. इथे तराजू माझा, दुकान माझं. गिऱ्हाईक कोण, हे पाहायला फार लांब जावं लागलं नाही; दोन्ही डोळ्यांनी बघत होतं.

पकडीने गळ काढला. ती लगेच गेली नाही. दोन श्वासांइतकी तशीच राहिली, जणू माझं सांगून संपलं का याची वाट बघत होती. मग शेपटीचा एकच फटका, मी नखशिखांत भिजलो, आणि खाली हिरवं पाणी.

'आल्मा'कडे पाहिलं. म्हातारा होडीत उताणा पडला होता, तोंडावर टोपी. झोपलेला. देवाची कृपा, साक्षीदार नाही.

२९ जून

कोणालाही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. दोन मीटरची हॅलिबट हातातून सुटली, ही गोष्ट या बेटावरच्या प्रत्येक पुरुषापाशी आहे, फक्त दर वर्षी तिची लांबी वाढते. रान्वेइने विचारलं तेव्हा म्हणालो, "काही आणलं नाही." हे खोटं नाही. खरंही नाही. ओले कपडे बघून ती म्हणाली, "लाट मोठी होती वाटतं." मी म्हणालो, "हो, एक."

आज मला दुसराच प्रश्न छळतो आहे. मी तिला तत्त्वाने सोडली की भीतीने? भाला मारला असता तर ती उसळली असती आणि कयाक उलटली असती, हे मला त्या क्षणी माहीत होतं. तीन वाचनं घेतली ती न्यायासाठी, की भाला मारायचं लांबणीवर टाकण्यासाठी? भित्रा माणूस आणि सचोटीचा माणूस यांनी त्या जागी एकच गोष्ट केली असती. मग मी कोणता, हे कोणत्या काट्यावर बघायचं?

दुपारी होडीघरापाशी इंगवाल्ड दोर गुंडाळत होता. मला बघून म्हणाला, "जेवलास का, ट्रुल्स?"

मी मागे वळून पाहिलं, दुसरा कोणी ट्रुल्स आहे का. नव्हता.

रात्रीच्या जेवणाला रान्वेइला म्हणालो, "तुझ्या बाबांची तब्येत ठीक आहे ना? आज मला नावाने हाक मारली."

"मग?"

"लग्नानंतर पहिल्यांदा. असं अचानक बदलणं मेंदूकडून येऊ शकतं, असं मी कुठेतरी वाचलंय."

ती ताट घेऊन उठली आणि स्वयंपाकघरात गेली. तिचे खांदे हलताना दिसले. बापाची काळजी, मी तिला उगाच घाबरवलं.

३ जुलै

कामावरून सुटल्यावर शेवटची फेरी मारली. काही नाही. एक मीटर पंधराचा एक साधा, आज्ञाधारक मासा मागत होतो. समुद्राकडे तेवढा नव्हता.

सासऱ्याकडे गेलो आणि उभ्याउभ्याच सांगितलं, "इंगवाल्ड, मी शब्द पाळू शकलो नाही. माफ कर."

तो खुर्चीत बसून बटाटे सोलत होता. "बस," म्हणाला. मी बसलो. त्याने मला सुरी दिली. आम्ही दोघांनी चाळीस माणसांचे बटाटे सोलले. तासाभरात तो एकच वाक्य बोलला: "साल जाड काढतोस, ट्रुल्स."

५ जुलै

वाढदिवस झाला. आणि हॅलिबट होती.

लोणी घातलेली, काकडीच्या आंबटगोड कोशिंबिरीबरोबर, बटाटे (माझे सोललेले ओळखू येत होते). चाळीस माणसं जेवली, कुत्रा जेवला. मी फ्रीजरच्या खोलीत बर्फ आणायला गेलो तेव्हा कचऱ्याच्या टोपलीत रिकाम्या पिशव्या दिसल्या. त्यावर इंगवाल्डच्या हस्ताक्षरात चिठ्ठ्या: १२ मार्च. मार्च म्हणजे मी वचन द्यायच्या दोन महिने आधी. ते हस्ताक्षर पाहत मी बर्फ वितळेपर्यंत उभा होतो. मासा घरात होता. टेबलावर शांतता पसरली तेव्हाही होता. मग त्या दिवशी म्हातारा गप्प का होता?

रान्वेइला कोपऱ्यात गाठलं. "तुला माहीत होतं?"

"फ्रीजर आवरताना सापडला, तू वचन दिल्यावर दुसऱ्याच दिवशी."

"मग मला दीड महिना जाऊ का दिलं?"

"तुला जायचं होतं," ती म्हणाली. "आणि बाबांना घरी बसवत नव्हतं. दोघांचं काम झालं."

दुसऱ्या वाक्याचा माझ्याशी काय संबंध, ते विचारणार होतो, पण भाषण सुरू झालं.

इंगवाल्ड उठला, ग्लासवर काटा वाजवला. तो भाषणं करत नाही. गेल्या चाळीस वर्षांत "खा" एवढंच म्हणाला असेल. आज म्हणाला, "मासा सगळ्यांना पुरला. याहून मोठा लागत नव्हता." थोडं थांबला. "हे ज्याला कळतं, त्याला कळतं." आणि बसला.

ब्योर्गने मला कोपर मारलं. "तुलाच टोमणा, दक्षिणकर."

"नाव ट्रुल्स आहे त्याचं," टेबलाच्या त्या टोकावरून म्हातारा म्हणाला.

ब्योर्गचं तोंड उघडं राहिलं. मला अवघडल्यासारखं झालं. मी आणखी कोशिंबीर घेतली.

६ जुलै

सकाळी इंगवाल्डचा फोन. "पाणसळ घेऊन ये. आणि ती तुझी पट्टी."

होडीघराच्या भिंतीपाशी तो हातोडी आणि एक मोठा, चौकोनी डोक्याचा जुना खिळा घेऊन उभा होता. अकरा शेपट्या ओळीत आहेत. त्याने ओळीत जागा न घेता सगळ्यात मोठीच्या वर, छपराखाली बोट ठेवलं.

"इथे. दोन्ही बाजूंना जागा किती राहते बघ."

"किती लागते?"

त्याने दोन्ही हात पसरले. जरा कमी केले, डोळे मिटले, परत थोडे पसरले. "एवढी."

मी पट्टी लावली. एकावन्न सेंटिमीटर. मी आपोआप चौपट केले. "इंगवाल्ड, एकावन्न म्हणजे दोन मीटर चारची मादी."

"असेल."

"दोन मीटरच्या वरची आणायला कायद्याने बंदी आहे. तुला माहीत आहे."

"माहीत आहे."

"शिवाय तुला समुद्रावर एकट्याने जायचं नाही."

"तेही माहीत आहे."

"मग हा खिळा कायम रिकामा राहणार."

"हो," तो म्हणाला. "राहू दे रिकामा. तू फक्त सरळ आहे का बघ, ट्रुल्स."

त्याने तीन घावांत खिळा ठोकला. मी पाणसळ लावली. सरळ होता, तसं सांगितलं. तो बराच वेळ त्या खिळ्याकडे बघत उभा राहिला, टोपी हातात. क्षणभर माझ्या मनात एक विचार आला. पण तो शक्य नाही. तेव्हा तो झोपला होता, तोंडावर टोपी होती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि पाहिलेल्या गोष्टीवर कारण नसताना शंका घ्यायची नाही, हाही माझा नियम आहे.

निघताना लाइफ जॅकेट टांगायला जागा हवी होती, म्हणून त्या खिळ्याला अडकवलं. म्हाताऱ्याने काही न बोलता ते काढलं, नीट घडी घालून माझ्या हातात दिलं आणि खिळ्यावर बोट फिरवून धूळ पुसली. नवा ठोकलेला खिळा, धूळ कुठली?

घरी येऊन रान्वेइला सगळं सांगितलं. खिळा, एकावन्न सेंटिमीटर, घडी घातलेलं जॅकेट. म्हणालो, "बाबांचा रक्तदाब एकदा बघच."

तिने पिशवीतून यंत्र काढलं आणि ते माझ्याच दंडाला बांधलं. एकशे चोवीस आणि अठ्ठ्याहत्तर. यंत्र मी गेल्या वर्षी स्वतः ताडून पाहिलं आहे, त्यामुळे आकड्याबद्दल शंका नाही.